अनवाणी माणसाला चप्पल चावत नाही, अण्णा

पुणे,
२२ फेब्रुवारी २०२६

ती. आई आणि ती. अण्णा यांस,
शि. सा. नमस्कार.

पाकीट बघून घाबरू नका. सगळे ठणठणीत आहेत. फोनवर बोलायला गेलं की आई मधेच "जेवलीस का गं" विचारते, अण्णा स्पीकरवर "हां, येतंय ऐकू" म्हणत राहतात आणि जे सांगायचं असतं ते तसंच राहतं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेला आले तेव्हा सांगणारच होते. तीन दिवस तिथं होते, तोंड उघडलं नाही. म्हणून लिहिते. अण्णा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं काही गाळू नका. तुम्ही गाळता, मला माहीत आहे.

मी नोकरी सोडली. ३१ मार्च शेवटचा दिवस. राजीनामा ३१ डिसेंबरलाच दिला होता. म्हणजे संक्रांतीला तुमच्या शेजारी बसून शेंगापोळी खात होते, तेव्हा तो देऊन दोन आठवडे झाले होते. आई, तू "बढती कधी गं" विचारलंस आणि मी उत्तर देण्याऐवजी आणखी एक पोळी मागितली.

काढलेलं नाही, हे आधी वाच. समोरच्या काकू विचारणारच. त्यांना सांग, पंचवीस वर्षं झाली, पुरे झालं. तेवढ्यानं भागलं नाही तर सांग, पाठ दुखते. पाठ खरंच दुखते.

अण्णा म्हणतील, हातचं सोडून पळत्याच्या पाठी. पण मी पळत्याच्या पाठी नाही, बसायला निघालेय. घराचे हप्ते २०२४ मध्ये संपले. चिनूचं शेवटचं वर्ष आहे, तिची फी बाजूला काढून ठेवली आहे. पीएफला हात लावत नाही. पीएफची पेन्शन पन्नाशीला सुरू करता येते, पण ५८ च्या आधी घेतली तर दर वर्षामागे ४ टक्के कापतात, म्हणून तीही राहू दे तिथंच. तुमचे जावई अजून शिकवतायत आणि त्यांना शिकवायला आवडतं, त्यांच्यावर मी काही लादलेलं नाही. हे सगळं वहीत तीनदा मांडलंय, तुमच्या दुकानातल्या कीर्दीसारखं, डावीकडे जमा, उजवीकडे नावे. शिल्लक राहते. फार नाही, पण राहते.

अडत होतं ते आजारपणाच्या पानावर.

तुमच्या दोघांचा मेडिक्लेम माझ्या कंपनीतून आहे. नोकरीबरोबर तोही संपतो. पगार थांबला तर महिना-दोन महिने साठवणीवर निघतात, पण या कव्हरला मागचं-पुढचं काही नसतं. हे मी तुम्हाला काय सांगायचं, अण्णा! गिरणीला कुलूप लागलं आणि पुढच्याच वर्षी आईचं ऑपरेशन निघालं. तुम्ही ईएसआयचं, गिरणीतल्या सरकारी विम्याचं कार्ड घेऊन खिडकीशी उभे होतात, मी बाकावर, मांडीवर बारावीचं केमिस्ट्रीचं पुस्तक. तुम्ही वळलात, कार्ड नीट घडी करून वरच्या खिशात ठेवलंत आणि मला म्हणालात, "चल, उसाचा रस पिऊ." ते कार्ड अजून लाल डब्यात आहे. आईच्या पाटल्या नाहीत.

ते बघितलं होतं म्हणून मी तीन वर्षं आधी सुरुवात केली. नोकरी सोडायचं तेव्हा ठरलंही नव्हतं. २०२३ च्या फेब्रुवारीत आमच्या दोघांची वेगळी पॉलिसी काढली, १० लाखांची. कंपनीचा मेडिक्लेम असताना दुहेरी खर्च कशाला, असं तुमचे जावईही म्हणाले. पण आधीपासून असलेल्या दुखण्याला नव्या पॉलिसीत वाट बघावी लागते. पूर्वी चार-चार वर्षं थांबवायचे, २०२४ पासून तीनपेक्षा जास्त थांबवता येत नाही. माझ्या बीपीची तीन वर्षं या महिन्यात भरली. नोकरी सोडल्यावर पन्नाशीच्या तोंडाशी फॉर्म भरायला बसले असते तर घड्याळ तेव्हा सुरू झालं असतं.

फॉर्म भरताना एजंटाचं पेन बीपीच्या रकान्यावर थांबलं होतं. "मॅडम, एकच तर गोळी आहे, लिहू नका, हप्ता वाढतो." मी लिहायला लावलं. वाढला हप्ता. पाच वर्षं सलग भरत गेलं की मग फसवणुकीखेरीज जुन्या माहितीवरून दावा नाकारता येत नाही म्हणे. पण दवाखाना काय पाच वर्षं थांबून मग येतो?

अण्णा, तुम्ही आकडा विचाराल. मूळ हप्ता २४,००० आहे. त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ४,३२० रुपये जायचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती मेडिक्लेमवरचा तो कर शून्य झाला. एकदाचं काहीतरी आपल्या बाजूनं झालं.

आता आईचं. कंपनीच्या कव्हरमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आणि मागची वर्षं धरली जातात. पण हे आधीचं कव्हर चालू असतानाच मागावं लागतं. मी जानेवारीतच मागितलं. म्हणून तुला शुगरबद्दल इतके प्रश्न विचारत होते, तू वैतागलीस. झालं ते काम. ५ लाख, वर्षाला ४१,०००. प्रत्येक बिलातले २० टक्के आपण भरायचे. साठीच्या पुढच्यांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा तर आता कंपनीला आधी सरकारी नियामकाकडे जावं लागतं. म्हणजे तू म्हणतेस तसं 'दरसाल दुप्पट' होत नाही. गुडघ्याचं काढलंस तरी चालेल, पण काढशील तेव्हा मला आधी सांग, वैद्यबुवांना नंतर.

आणि अण्णा, तुमचं. हे वाचताना मनात काही आणू नका. तुमच्यासाठीही विचारलं. पंचाहत्तर, शुगर, स्टेंट. एका कंपनीनं सरळ नाही म्हटलं. दुसरीनं ८६,००० सांगितले, शिवाय दर बिलातले ३० टक्के आपले. पाच वर्षांत ४ लाख ३० हजार त्यांना द्यायचे आणि वर बिलातही हात घालायचा. तुम्ही दुकानात असतात तर असा व्यवहार करणाऱ्याला उठवून लावलं असतंत. मीही नाही केला. तुम्हाला वगळलं नाही, तुमचे पैसे तुमच्याच नावावर ठेवलेत. ६ लाखांची ठेव, तुम्हा दोघांची. कागदावर 'आयदर ऑर सर्व्हायवर' असं लिहिलेलं असेल. त्या शब्दाकडे बघू नका, बँकवाल्यांना दुसरा सुचला नाही. निम्मे दादानं घातलेत. नोकरीचं मात्र त्याला अजून माहीत नाही, मी सांगेन. तुम्ही आधी सांगू नका.

ठेव ही मागची भिंत. पुढचं दार म्हणजे वयोवंदना कार्ड. ते तुम्ही दीड वर्ष टाळताय. "गरिबांचं आपण कशाला घ्यायचं," म्हणता. अण्णा, ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कुणालाही ते मिळतं, मिळकत विचारतच नाहीत. आयुष्मान योजनेतलं, वर्षाला ५ लाखांपर्यंत, हप्ता नाही. जुनं दुखणं पहिल्या दिवसापासून धरतात, थांबायची भानगड नाही. गिरणीत आणि दुकानात मिळून चाळीस वर्षं राबलात, तेव्हा फुकट वाटलं नाही कुणाला. हॉस्पिटल मात्र यादीतलंच लागतं, भरती झाल्यावरच चालतं, महिन्याच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. गोळ्यांसाठी जनऔषधीचं स्वस्त दुकान. आतलं औषध तेच असतं, नाव आणि रंग वेगळा म्हणून फेकायच्या नाहीत.

आईला १ जूनपर्यंत थांबावं लागेल. आज्जी शपथेवर सांगायची की तू गड्ड्यात झालीस, सिद्धेश्वराच्या मानाच्या काठ्या देवळाकडे निघाल्या आणि इकडे तू रडलीस. म्हणजे सत्तर झालीसुद्धा. पण आधारवर मास्तरांनी दिलेली तारीख, १ जून १९५६. मास्तरांना तेव्हा अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला चालायचा. कार्ड आधारच्या वयावर मिळतं, काठ्यांच्या नाही. मग ते ५ लाख दोघांत मिळून असतील, म्हणून तुझी पॉलिसी वेगळी ठेवली.

आता ते, जे अण्णा गाळतील. २०२२ ला तुमची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा मी सांगितलं की सगळं इन्शुरन्सनं दिलं. सगळं नाही दिलं. पॉलिसी ३ लाखांची, खोलीचं भाडं दिवसाला ३,००० पर्यंतच. आईला रात्री सोबत झोपता यावं म्हणून आपण ४,५०० ची घेतली. मला वाटलं, वरचे दीड हजार भरले की झालं. तसं नसतं. खोली वरच्या दर्जाची घेतली की डॉक्टरांची फी, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर, सगळं त्याच प्रमाणात कापतात. स्टेंट आणि औषधं तेवढी सुटली. चार दिवसांत ३१,००० गेले, वर हातमोजे-सिरिंजांचे अडीच हजार. डिस्चार्जच्या दिवशी मी दोन तास खाली काउंटरवर होते ते यासाठी. पार्किंगचा घोळ नव्हता.

चूक आईची नाही. मी कागद वाचला नव्हता. आईच्या नव्या पॉलिसीत खोलीच्या भाड्याची अट नाही, ते बघूनच घेतलीय.

आणखी एक लिहून खोडलं होतं, पुन्हा लिहिते. त्या आजारपणानंतर मी चार वर्षं नोकरी ओढली, त्यात मेडिक्लेमचाही वाटा होता. थोडा. तुमच्यामुळे अडकले असं कुणी समजू नये. चिनूची शाळा होती, हप्ते होते. आणि अडकले असले तरी मला चाललं असतं. सेकंड शिफ्ट करून तुम्ही यायचात, मी जागी राहायची, तुमच्या केसांतला कापूस एकेक वेचून वाटीत टाकायची. वाटी भरली की आई वात वळायची. त्या मुलीला चार वर्षांचं काय वाटणार.

पण यंदा तुम्हाला बघितलं आणि वाटलं, आता तिथं येऊन राहायला हवं. अडुसष्ट लिंगांच्या फेरीत बाराबंदी घालून तुम्ही पुढं, मी मागं. एका ओट्यावर बसलात, हात छातीशी. मी जवळ आले तर म्हणालात, "काही नाही, चप्पल चावली." अनवाणी होतात, अण्णा. अनवाणी माणसाला चप्पल कशी चावते? मी तेव्हा हसले. रात्री झोप आली नाही.

तर एप्रिलपासून महिन्यातले पंधरा दिवस मी सोलापुरात. माडीवरच्या खोलीत झोपेन, तुमची झोपायची जागा बदलणार नाही. कूलर मी आणते, उन्हाळा तोंडावर आहे. गच्चीवर आणखी एक टाकी बसवू, म्हणजे पाणी कितीही दिवसांआड आलं तरी आईला रात्री दोनला नळाशी उठायला नको. भाकरी मी थापीन. जाड होतील, पण होतील.

तोवर एवढं करा. आई, लाल डब्यातून रेशनकार्ड आणि दोघांची आधारकार्डं काढून वर ठेव. रेशनकार्ड राज्याच्या महात्मा फुले आरोग्य योजनेलाही लागतं. अण्णांचे २०२२ चे डिस्चार्जचे कागद गादीखाली आहेत, ते पिशवीत घाल. रद्दीत देऊ नकोस. अण्णा, फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, कार्ड काढून देतो म्हणाला तरी नाही. कार्ड मी आल्यावर काढू, माझ्यासमोर. १४५५५ हा योजनेचा नंबर कॅलेंडरवर मोठा लिहून ठेवा. मी नसताना रात्री काही झालं तर आधी हॉस्पिटल गाठायचं, तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या माणसाला विचारायचं, खोलीचं भाडं विचारायचं, मग मला फोन. छातीत दुखलं तर मात्र काहीच विचारायचं नाही, रिक्षात बसायचं. तात्यांच्या वेळी आपण सकाळ व्हायची वाट बघितली.

रागावला असाल तर आल्यावर रागवा. शनिवारी, २८ ला, संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं निघते. गाडीला उशीर झाला तर आई जागी राहू नकोस.

तुमची,
बेबी

ता. क. अण्णा, स्टेशनवर यायचं नाही. रिक्षा मिळते. आलातच तर चप्पल घालून या. आणि शेंगाचटणी कुटून ठेवू नकोस आई, मागची अजून अर्धी बरणी आहे. बरं, थोडी ठेव.