प्रमाणपत्रावर कामाचा तपशील हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नोकरीच्या मुलाखतीत इतरांपेक्षा उठून कसे दिसावे, याबद्दल तरुणांना हल्ली भरपूर सल्ला मिळतो. मात्र तो बहुधा पोशाख, देहबोली आणि इंग्रजी संभाषणापुरताच असतो. टाय लावून आलेल्या मुलाला फिरत्या लेथ यंत्रावर उभे करण्यापूर्वी आधी टाय काढून ठेवायला सांगावे लागते, हे जाता जाता नमूद करतो. भोसरीतील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे व हत्यारे बनवणाऱ्या विभागात, पर्यवेक्षक असताना आयटीआय झालेल्या मुलांच्या मुलाखती घेण्याचे काम बरीच वर्षे माझ्याकडे होते, त्या अनुभवावरून हे पत्र लिहीत आहे.

फिटरच्या जागेसाठी आलेल्या अर्जांवरची नावे झाकली, तर कोणता अर्ज कोणाचा हे ओळखणे अशक्य होते. ‘मेहनती, प्रामाणिक, नवीन शिकण्याची तयारी’ ही विशेषणे सर्वांकडे आणि छंद म्हणून वाचन व क्रिकेटही सर्वांकडे. पण दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात कोणते जॉब (सरावासाठी घडवलेले नग) केले, कोणते मशीन स्वतः चालवले, याची एक ओळही नसे.

अशाच एका अर्जाचा धनी मुलाखतीत पुरता बावरला होता. व्हर्नियर या बारीक मापे घेण्याच्या साधनाचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान माप, ०.०२ मिलिमीटर, हे बाकीच्यांनी घडाघडा सांगितले होते. याला तेही नीट सांगता येईना. शेवटी व्हर्नियर त्याच्या हातात दिला, तेव्हा माप घेण्याआधी त्याने जबडे पुसले, मिटवले आणि शून्य शून्याला जुळते की नाही, म्हणजे साधनातच चूक नाही ना, ते पाहिले. त्या दिवशी एवढे करणारा तो एकटाच होता. चौकशी केल्यावर कळले, की चुलत्यांच्या पंपदुरुस्तीच्या दुकानात तो चार वर्षे सुट्टीत राबत होता. हे अर्जात का नाही, असे विचारले तर म्हणाला, “ते काय लिहायचं साहेब, घरचंच काम.” त्याची निवड झाली, पण अर्जांच्या चाळणीतच तो गळाला असता, तर आम्हाला त्याचा पत्ताही लागला नसता.

२०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय व पदविकाधारकांना दरमहा ८ हजार, तर पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरले. विद्यावेतनाइतकेच मोल प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाचे आहे. परंतु प्रशिक्षणानंतरच्या प्रमाणपत्रावर केवळ आस्थापनेचे नाव आणि कालावधी असेल, तर पुढच्या मुलाखतीत सारे प्रशिक्षणार्थी पुन्हा एकसारखेच दिसणार. म्हणून त्यावर उमेदवाराने हाताळलेली यंत्रे, केलेली कामे आणि प्रत्यक्ष देखरेख करणाऱ्या व्यक्तीचा दोन ओळींचा शेरा असावा, अशी कौशल्य विकास विभागास विनंती आहे. आयटीआयच्या निदेशकांनीही अंतिम परीक्षेपूर्वी एक तास राखून प्रत्येक मुलाकडून त्याच्या कामाची यादी लिहून घ्यावी आणि त्यात घरचे काम आवर्जून विचारावे.

आपला,
एक निवृत्त टूलरूम पर्यवेक्षक, भोसरी, पुणे