हिशेब आधी बाहेर काढा, यंत्र मग

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

जुन्या मिनी-कॉम्प्युटरांवर अजून तग धरून असलेल्या हिशेबप्रणाली ‘एकदाच्या मोडीत काढा’ असा सूर असलेला लेख आपल्या पुरवणीत वाचला. लेखकाचा रोख कळला, घाई कळली नाही. 1986 साली मी डेटा एंट्री ऑपरेटर म्हणून अशाच एका यंत्रासमोर बसले. पुढे कोबॉल ही हिशेबाच्या प्रोग्रॅमांची भाषा शिकून प्रोग्रॅमर झाले, आणि निवृत्तीआधीचं शेवटचं मोठं काम म्हणून तेच यंत्र मी बंद केलं. म्हणजे खांदा देणाऱ्यांत मीही होते. त्या यंत्राचा मोह धरून मी हे लिहीत नाही.

मिनी म्हणजे आजच्या अर्थानं लहान नव्हे. मेनफ्रेमला अख्खी खोली लागायची, याला कपाटाएवढी जागा पुरायची, म्हणून मिनी. डेक या कंपनीचं पीडीपी-8 हे यंत्र 1965 साली आलं, पीडीपी-11 1970 साली, व्हॅक्स 1977 साली. शिवाय डेटा जनरलचं नोव्हा, एचपी 3000, वँगचं व्हीएस, आयबीएमचं सिस्टिम/36. पगारपत्रकं, खातेवह्या, साठा, बिलं हे सगळं या यंत्रांनी वाहिलं. गंमत अशी की यंत्रांच्या आधी त्यांच्या कंपन्याच आटोपल्या. वँगनं 1992 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, डेक 1998 मध्ये कॉम्पॅकच्या पोटात गेली, डेटा जनरल 1999 मध्ये ईएमसीच्या. एचपीनं 3000 ची मालिका बंद करत असल्याचं नोव्हेंबर 2001 मध्ये जाहीर केलं. आयबीएमची 1988 ची एएस/400 तेवढी नाव बदलत बदलत आजही नांदते आहे. बाकीच्यांच्या ग्राहकांकडे यंत्र उरलं आणि फोन उचलणारं कोणी उरलं नाही.

यावर लेखकानं सुचवलेला उपाय म्हणजे ‘ओपन सिस्टिम’, एका कंपनीला न बांधलेली, खुल्या मानकांवरची यंत्रणा. हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा तो विक्रेत्यांच्या तोंडी होता. 1984 मध्ये खुल्या मानकांसाठी कंपन्यांची एक्स/ओपन ही संघटना स्थापन झाली, 1988 मध्ये युनिक्ससारख्या ऑपरेटिंग सिस्टिमांसाठी पॉझिक्सचं पहिलं मानक आलं. त्याच वर्षी युनिक्सवाल्यांचे दोन तट पडले, एकीकडे ओपन सॉफ्टवेअर फाउंडेशन आणि दुसरीकडे युनिक्स इंटरनॅशनल. दोघंही खुलेपणाच्या नावानं भांडत होते. प्रत्येकाचं युनिक्स खुलं, आणि प्रत्येकाच्या युनिक्सवर प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल करायला, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायला, बसलं की दोन दिवस मोडायचे. त्यामुळे खोक्यावरच्या ‘ओपन’ या शब्दानं मी हुरळून जात नाही. माझी कसोटी साधी आहे. काल रात्रीचं खातं आज कुणालाही फोन न करता वाचता येतं का? येत असेल तर ते खुलं. नाहीतर बंद कपाटातून काढून दुसऱ्या बंद कपाटात ठेवलं, एवढंच. आगीतून फुफाट्यात.

आमच्याकडे व्हॅक्स होतं, त्यावर व्हीएमएस ही ऑपरेटिंग सिस्टिम, सव्वाशेच्या आसपास कोबॉल प्रोग्रॅम आणि इंडेक्स्ड फाइली. एका सल्लागार कंपनीनं सगळं नव्यानं लिहून देण्याचा ठेका घेतला होता. त्यांनी आधी पडदे, म्हणजे स्क्रीनवरचे फॉर्म, रंगवले. सुंदर होते. दीड वर्षानंतरही महिनाअखेरीचा ताळेबंद जुन्या यंत्राशी जुळेना, तेव्हा साहेबांनी मला बोलावून विचारलं, “बाई, तुमच्या मनात काय आहे?” मी म्हटलं, पडदे राहू द्या, मला आधी आकडे बाहेर काढू द्या.

यंत्राचं नेटवर्क कार्ड केव्हाच गेलं होतं. उरलं होतं सिरियल पोर्ट, वेग 9600 बिट. म्हणजे सेकंदाला जेमतेम 960 अक्षरं. कर्मिट हा कोलंबिया विद्यापीठात 1981 साली जन्मलेला फाइल-वाहक प्रोग्रॅम, जो आता मुक्त परवान्याखाली मिळतो, तो दोन्ही टोकांना लावला. 40 मेगाबाइटची एक फाइल जायला साडेअकरा तासांच्या वर लागायचे. संध्याकाळी लावायची आणि सकाळी येऊन बघायची. हसू नका, दहाव्या दिवशी सगळा डेटा लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम चालवणाऱ्या डब्यात होता, आणि त्यापायी कुणाला एक पैसा द्यावा लागला नव्हता.

वाहून आणला म्हणजे वाचता आला असं मात्र नाही. व्हीएमएसच्या चल-लांबीच्या फाइलीत ओळीच्या शेवटी खूण नसते. नोंदीच्या आधी तिची लांबी सांगणारे दोन बाइट असतात, आणि नोंद विषम लांबीची असेल तर मागे एक भरतीचा बाइट. तिथल्याच कन्व्हर्ट या सोयीनं आधी सरळ, ठरावीक लांबीच्या फाइली करून घेतल्या म्हणून निभावलं. ज्यांची यंत्रं आयबीएमची आहेत त्यांच्यापुढचा खड्डा आणखी खोल. तिथली अक्षरं ईबीसीडिक या आयबीएमच्या स्वतःच्या अक्षरसंकेतात असतात, म्हणून कुणीतरी उत्साही माणूस अख्ख्या फाइलीवर डीडी किंवा आयकॉन्व्ह या संकेत बदलणाऱ्या आज्ञा चालवतो. नावं-पत्ते छान वाचता येतात. पण पॅक्ड, म्हणजे एका बाइटात दोन अंक दाबून बसवलेले, आकडे? 12345 हा आकडा तिथे तीन बाइटांत बसलेला असतो, 12, 34 आणि 5सी, त्यातला शेवटचा ‘सी’ म्हणजे अधिक चिन्ह. ईबीसीडिकमध्ये 5सी म्हणजे तारांकन. रूपांतरात त्याचं 2ए होतं आणि आकडा मेला. मूळ फाइल ठेवली नसेल तर कायमचा. अक्षरांचं रूपांतर रकान्यागणिक करायचं असतं, फाइलीगणिक नाही. त्यासाठी लेआउट, म्हणजे कोणता रकाना कुठे आणि किती लांब याचा नकाशा, हाताशी लागतो, आणि आमच्या काळी लेआउट म्हणजे कोबॉलचं कॉपीबुक. ते हरवलं असेल तर ठेके, पडदे, क्लाउड सगळं बाजूला ठेवून आधी ते शोधा.

मग प्रोग्रॅम. नव्यानं लिहायचे नाहीत, आहेत तेच चालवून बघायचे, असं मी ठरवलं. ग्नूकोबॉल हा मुक्त कंपायलर (पूर्वीचं नाव ओपनकोबॉल) कोबॉलचं सी भाषेत रूपांतर करतो आणि पुढचं काम सी कंपायलरवर सोपवतो. आमचे प्रोग्रॅम डेकच्या टर्मिनल फॉरमॅटमध्ये, म्हणजे पहिल्याच स्तंभापासून लिहिलेले. जुन्या मानकाप्रमाणे पहिले सहा स्तंभ क्रमांकाचे आणि सातवा खुणेचा. ऑक या मजकूर बदलणाऱ्या साधनाच्या चार ओळींनी प्रत्येक ओळ उजवीकडे सरकवली. ओळीच्या आरंभी तारांकन, तिरपी रेघ किंवा जोडरेघ असेल तर सहा घरं, नाहीतर सात. एवढ्यावर बॅचचे, म्हणजे पडद्याविना आपोआप चालणारे, बहुतेक प्रोग्रॅम किरकोळ दुरुस्त्यांनी कंपाइल झाले. फॉर्म दाखवणारे झाले नाहीत, कारण त्यांना डेकचं स्वतःचं फॉर्म-सॉफ्टवेअर हवं होतं. ते शेवटी ठेवले.

पहिल्या रात्रीचा अहवाल पाहिला आणि मी खुर्चीत बसले. एकही खातं ऋण नव्हतं! सगळ्यांची येणी, देणं कुणाचंच नाही. कारण सापडायला अर्धा दिवस गेला. आमच्या फाइलीत ऋण आकड्याच्या शेवटच्या अंकावरच चिन्ह ठोकलेलं असायचं. उणे 1235 हा आकडा ‘123एन’ असा दिसतो, ‘जे’ (J) म्हणजे 1, ‘के’ (K) म्हणजे 2, असं करत ‘एन’ (N) म्हणजे 5. ग्नूकोबॉल मात्र आपणहून दुसरी पद्धत धरतो, तिथे ऋण शून्याला छोटा पी, ऋण एकाला छोटा क्यू. कंपाइल करताना चिन्हाची पद्धत सांगणारा एक पर्याय दिला आणि देणी परत आली. ज्या मुलाला माझ्या मदतीला दिलं होतं तो म्हणाला, “मॅडम, हे असं आहे हे कुठे लिहिलंय?” कुठेच नाही रे. आमच्या बोटांत लिहिलंय.

दुसरी गंमत क्रमवारीची. लिनक्सवरची सॉर्ट ही आज्ञा भाषेच्या सोयीनं क्रम लावते, पहिल्या फेरीत जोडरेघ जणू नाहीच असं धरून. आमच्या शाखांच्या खात्यांना मध्ये जोडरेघ होती आणि ती सगळी सलग येतील असा अहवालाचा भरवसा होता. ती विखुरली, आणि एकाच शाखेची बेरीज पानापानावर पाच वेळा छापून आली. लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, ‘सी’ केलं, बाइटांच्या क्रमानं लावायला सांगितलं, आणि बेरजा जागेवर आल्या.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. जुनं आणि नवं दोन्ही तीन महिनाअखेरी आणि एक वर्षअखेर समांतर चालवली. जुन्या यंत्राचे छापील अहवाल फाइलीत पकडले, सेड या साधनानं त्यांतली तारीख-वेळ पुसली आणि डिफला दोन्ही फाइली दिल्या. डिफ हा युनिक्सच्या सुरुवातीच्या वर्षांतला जुना प्रोग्रॅम. त्याला दोन फाइलींतला फरक दाखवण्यापलीकडे काही येत नाही, पण त्यानं जे शिकवलं ते कुठल्याही सल्लागारानं शिकवलं नाही. व्याजाच्या काही ओळींत शेवटच्या घरात एकाचा फरक येत होता. त्या ओळी हिशेबातल्या मुलांनी सोय म्हणून पायथॉन या भाषेत लिहिल्या होत्या. कोबॉल, ‘राउंडेड’ असं स्पष्ट लिहिलं नसेल, तर शेपूट छाटून टाकतं. लिहिलं असेल तर 2.5 चे 3 करतं. पायथॉनचा राउंड 2.5 चे 2 करतो, सम अंकाकडे झुकतो. पोस्टग्रेस या डेटाबेसच्या न्यूमेरिक प्रकारात पुन्हा 3 येतात. चूक कुणाचीच नाही, पण खातेदाराच्या वहीत एकच आकडा हवा.

आणि एका ग्राहकाचा दंड कधीच जुळेना. शोधता शोधता प्रोग्रॅमच्या पोटात एक ओळ सापडली, ग्राहक क्रमांक अमुक असेल तर दंड शून्य. वर ना टिप्पणी, ना तारीख. निवृत्त झालेल्या एका वरिष्ठांना फोन केल्यावर उलगडा झाला, त्या ग्राहकाबरोबर तसा लेखी करार होता आणि तो अजून चालू होता. सल्लागारांच्या दीड वर्षाच्या कामात तो नियम नव्हता, कारण त्यांनी आमच्या मुलाखती घेतल्या होत्या, प्रोग्रॅम वाचला नव्हता. मुलाखतीत माणूस जे आठवतं ते सांगतो.

समांतर चाचणीच्या मध्यावर जुन्या डिस्कचा आवाज बदलला. तेव्हा सिम्हनं तारलं. बॉब सपनिक हे डेकमध्येच वरच्या पदावर राहिलेले गृहस्थ. त्यांनी 1993 पासून उभा केलेला हा मुक्त प्रोग्रॅम आजच्या साध्या संगणकाला व्हॅक्स, पीडीपी-11 किंवा नोव्हाचं हुबेहूब सोंग घ्यायला लावतो. डिस्कची प्रतिमा घेतली, सिम्हवर चढवली आणि यंत्र गेलं असतं तरी चाचणी थांबली नसती. एक सावधगिरी सांगते: सिम्ह मोफत आहे म्हणून त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम मोफत होत नाही, तिचा परवाना लागतोच. आणि ज्यांना व्हीएमएस सोडायचंच नाही त्यांच्यासाठी 2022 पासून ते आजच्या एक्स86 प्रोसेसरवरही उपलब्ध आहे, हेही लेखात यायला हवं होतं.

पडद्यांबद्दल एकच. एंट्रीला बसणारी जुनी बाई पडद्याकडे बघत नाही. तिचा हात पडद्याच्या तीन फॉर्म पुढे असतो, यंत्र मागून तिची अक्षरं गिळत येतं. तिच्या हातात माउस दिलात तर तिचा वेग निम्म्यावर येतो आणि वर तिलाच प्रशिक्षणाला पाठवलं जातं. आम्ही फॉर्म पुन्हा लिहिले ते कर्सेस या अक्षरी पडद्यांच्या लायब्ररीत, त्याच कळा, तोच क्रम, तेच चोवीस ओळींचं पान. माउसवाला पडदा चौकशी खिडकीवरच्यांना दिला, त्यांना तो आवडला.

डेटा अखेरीस पोस्टग्रेसमध्ये गेला, कोबॉलचे निम्मे प्रोग्रॅम अजून चालू आहेत, एकेक करून बदलतील किंवा नाही बदलणार. घाई नाही, कारण लेआउट, सोर्स आणि कंपायलर तिन्ही आता घरात आहेत. ठेका देणाऱ्यांनी करारात या तिन्हींची नावं घालून घ्यावीत आणि जुन्या-नव्या अहवालांचा डिफ कोरा येईपर्यंत शेवटचा हप्ता रोखून धरावा, एवढी सूचना लेखकापर्यंत पोहोचवावी ही विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रोग्रॅमर

ता. क. : लेखासोबत ‘जुना मिनी-कॉम्प्युटर’ म्हणून जे छायाचित्र छापलं आहे, तो संगणक नाही, टेप ड्राइव्ह आहे. संगणक त्याच्या मागे अर्धा दिसतो.