गच्चीवरचा भाडेकरू

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोमवारच्या अर्थविषयक पानावर इंडस टॉवर्स आणि एचएफसीएल यांना शेजारी बसवून ‘कोणता घ्यावा?’ असा चौकोन छापला आहे. त्यात पी-ई (शेअरचा भाव कमाईच्या किती पट, ते) आहे, वर्षाचा उच्चांक-नीचांक आहे, खाली ‘इंडस स्वस्त’ असा निकालही आहे. दोघांचाही टेलिकॉमशी संबंध आहे हे कबूल. तसा चाळमालकाचा आणि गवंड्याचाही घराशी संबंध असतोच! इंडस मनोरे उभारून भाडं खाते. एचएफसीएल फायबरची केबल बनवते (एक कारखाना आपल्या गोव्यात आहे) आणि सरकारी कामांची कंत्राटं घेते. पैसे कोण देतं आणि कधी देतं, याचा मात्र चौकोनात रकानाच नाही.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवरही एका कंपनीचा मनोरा आहे. त्याच्या भाड्यातून लिफ्टची एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) भागायची. आधी त्यावर एकाच मोबाइल कंपनीचे अँटेना होते, मग दुसरीचे चढले. आम्ही खूश, भाडं वाढणार म्हणून. करार काढून पाहिला तर तसं अक्षरही नव्हतं. खांब तोच, गच्ची तीच, दुसऱ्या बिऱ्हाडाचं जवळजवळ सगळं भाडं मनोरेवाल्याच्या खिशात. या धंद्याची खरी मलई तीच. मग एका दुपारी माणसं आली, दुसरे अँटेना दोरीने उतरवून टेम्पोत घालून घेऊन गेली, आणि पुढे अकरा महिने आम्हाला दमडी नाही. सेक्रेटरी मी. फोन केला की उत्तर ठरलेलं, “काका, आम्हालाच वरून पेमेंट आलेलं नाही.” एएमसी थकली, लिफ्ट बंद पडली आणि चौथ्या मजल्यावरच्या आजींना डायलिसिसच्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही चौघांनी खाली उतरवलं. खुर्चीचा एक पाय माझ्या हातात होता.

इंडसचंही मोठ्या प्रमाणावर तेच झालं. तिची मोठी भाडेकरू व्होडाफोन आयडिया, हिची थकबाकी साचली, डिसेंबर २०२२ च्या तिमाहीत बुडीत येण्यांपोटी सुमारे २,३०० कोटींची तरतूद करावी लागली आणि कंपनी तोट्यात गेली. त्याच वर्षी शेअरमागे ११ रुपये लाभांश आला होता. पुढची दोन वर्षं ठणठणाट. २०२४ मध्ये ४६५ रुपयांनी पुनर्खरेदी झाली (कंपनीनेच आपले काही शेअर परत विकत घेतले) तेव्हा कुठे थोडे सुटले. कंपनीचं नाव भारती इन्फ्राटेल असताना, २०१२ च्या आयपीओत आम्हा किरकोळवाल्यांना २१० ला मिळालेले आणि पहिल्याच दिवशी खाली गेलेले हे शेअर. आपल्या लेखकाला ‘स्वस्त’ म्हणायला काय जातं?

एचएफसीएलबद्दल माझ्याकडून निःपक्षपाती मताची अपेक्षा ठेवू नका. तेव्हा तिचं नाव हिमाचल फ्युच्युरिस्टिक. २००० साली, शेअर दलाल केतन पारेखच्या ‘के-१०’ च्या, म्हणजे त्याच्या लाडक्या दहा शेअरांच्या दिवसांत, भाव दोन हजारांच्या वर असताना मेव्हण्याच्या सांगण्यावरून दहा घेतले. अजून डिमॅटमध्ये आहेत. लक्ष्मीपूजनाला सौ. न चुकता विचारते, “ते हिमाचलचे आहेत का हो अजून?” तरीही सांगतो, कंत्राटी कंपनीची एका वर्षाची पी-ई पाहून काही कळत नाही. ऑर्डरी किती आणि येणी किती दिवसांत वसूल होतात, ते छापा.

ता.क. : बाजारभावांचा तक्ता बंद करून आपण क्यूआर कोड दिलात. नातवाकडून तो स्कॅन करून घेतला, तर मसाल्याची जाहिरात उघडली.

– एक जुना वर्गणीदार, डोंबिवली (पूर्व)