धाकटीच्या दंडावरचा चट्टा

देवगड

प्रिय बाबल्या,

परवा फोनवर तू धाकटी कशी आहे म्हणून विचारलंस आणि मी "बरी आहे" म्हणून विषय दुसरीकडे नेला. तुझ्या ते लक्षात आलं असणार. समोर आई बसली होती, पडवीत शेजारची माणसं होती. जे सांगायचं होतं ते त्यांच्यादेखत बोलवलं नसतं, म्हणून लिहितोय.

मे महिन्याच्या शेवटी तिच्या उजव्या दंडावर एक फिकट डाग दिसला. रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, कडा पुसट. सुट्टीभर पोरं उन्हात काजीच्या बागेत आणि समुद्रावर होती, तेव्हा पहिल्यांदा वाटलं काजूबियांचं तेल उडालं असेल. पण तसं असतं तर त्वचा भाजली असती, फोड आला असता. ह्याचं काहीच नव्हतं. दुखत नाही, खाजत नाही. आई म्हणाली, "पोटात जंत आसतले, वावडिंग दी." वावडिंग दिलं. डाग होता तसाच.

मग आशाताई घरोघरी फिरत आल्या. कुष्ठरोगासाठी अंग तपासत होत्या. दंड बघून त्यांनी अगदी सहज विचारलं, "इथे बधिर तर नाही ना?" त्यांचं कामच आहे ते आणि त्यांनी ते नीट केलं, पण त्या गेल्यावर घरात कोणी कोणाशी बोलेना. न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा, हे वाक्य आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मी कितीदा वाचलंय. आई आजही त्या रोगाचं नाव घेत नाही, "मोठो रोग" म्हणते.

त्या रात्री धाकटी झोपल्यावर मी माडाची हीर घेऊन तिच्या दंडाला हळूच टोचून बघत बसलो. झोपेत ती हात झटकायची, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. मग वाटायचं, हीर डागाच्या बाहेर तर लागली नसेल? बायको कुशीवर वळून जागीच होती. ती एकच म्हणाली, "हिचं लग्न कसं व्हायचं?" दुसरीतली पोर रे ती.

पण खरं सांगायचं तर माझ्या पोटात गोळा आला तो कुष्ठरोगाच्या नावाने नव्हे, आत्येमुळे. आमची आत्या तुला आठवते. आपण शाळेतून आलो की माजघरातल्या दाराआडून खाऊ पुढे करायची, बाहेर यायची नाही. तिला कोड होतं. ओठाच्या कडेला सुरू झालं, मग बोटं, मग पायाचे घोटे. कोडाने माणसाला काही होत नाही, ते कोणाला लागत नाही; शरीराची प्रतिकारशक्तीच त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, एवढंच. पण तिची दोन स्थळं मोडली आणि पुढे कोणी बघायलाच आलं नाही. चैत्रातल्या हळदीकुंकवाला तिला कोणी बोलावलं नाही. मासे खाऊन वर दूध प्यायली म्हणून झालं, असं सगळा वाडा म्हणायचा आणि आजीने तिचे मासे कायमचे बंद केले. कोकणात जन्मलेल्या बाईला चाळीस वर्षं बांगडा नाही! ह्या गोष्टीचा मला आजही राग येतो. दूध-माशांचा आणि कोडाचा काडीचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी ह्या वेळी मला स्पष्ट सांगितलं. घरी येऊन मी ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितलं.

डॉक्टरांचं सांगतो. कणकवलीला त्वचारोगतज्ज्ञ आहेत, एसटीने धाकटीला घेऊन गेलो. त्यांनी तिला डोळे मिटायला लावले आणि कापसाचा धागा कधी डागावर, कधी बाजूला लावत म्हणाले, "लागेल तिथे बोट ठेव." तिने प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवलं. मग कोपराच्या मागची नस चाचपली. कुष्ठरोगात ती जाड होऊ शकते, हे मला तेव्हा कळलं. अंधाऱ्या खोलीत जांभळट दिवा धरून बघितलं. कोड असतं तर त्या उजेडात डाग पांढराशुभ्र चमकला असता. तसं झालं नाही. नखाने हलकेच घासल्यावर बारीक कोंडा निघाला. बुरशी नाही ना, म्हणून तोही काचेवर घेऊन बघितला.

त्यांनी नाव लिहून दिलं, पिटिरियासिस अल्बा. लहान मुलांत नेहमी दिसणारं, कोरड्या त्वचेचं. उन्हाने बाजूची त्वचा रापते आणि डाग जास्त उठून दिसतो. औषध म्हणाल तर आंघोळीनंतर साधं वास नसलेलं क्रीम आणि दुपारच्या उन्हात अंगभर कपडे. जायला महिने लागतात. मेडिकलमधून कोणी सांगेल ती ट्यूब आणून लावू नका, हे त्यांनी दोनदा बजावलं. त्यातल्या पुष्कळ स्टेरॉइडच्या असतात, त्वचा पातळ होते आणि मूळ रोग कुठला ते ओळखता येईनासं होतं. एका नातेवाइकांनी बावचीचं तेल लावून उन्हात बसवा म्हणून सांगितलं होतं. ते ऐकून डॉक्टर चक्क ओरडले, पोरीची कातडी भाजेल म्हणाले.

मी त्यांना विचारलंच, कुष्ठरोग निघाला असता तर? ते म्हणाले, एवढ्या एका चट्ट्याला सहा महिन्यांच्या गोळ्या, सरकारी केंद्रात फुकट, आणि ती शाळेत जातच राहिली असती. कुष्ठरोगावरून घटस्फोट मागता येत होता, ते कलम २०१९ साली कायद्यातून काढलं, हेही त्यांच्याकडूनच कळलं. बायकोला ते सांगितल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली. २०१९ पर्यंत ते कलम होतं, ह्याचंच तिला जास्त लागलं.

आत्येला मात्र हे सगळं आमच्याआधी कळलं होतं. कणकवलीला जायच्या आदल्या संध्याकाळी तिने धाकटीला ओटीवर उजेडात बसवलं, दंड हातात घेतला आणि कितीतरी वेळ बघितलं. मग मला म्हणाली, "माझो असो नव्हतो. माझो पयल्यापासून दुधासारखो पांढरो होतो. हेचेर तर कोंडो दिसता." उठताना म्हणाली, "आणि झालोच तर झालो. चेडवाक घरात कोंडून ठेवू नको, इतक्याच माझा म्हणणा." बाबल्या, आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःच्या डागाबद्दल माझ्याशी तोंड उघडलं. मला उत्तर सुचलं नाही.

डाग अजून आहे. दिवाळीनंतर पुन्हा दाखवायला बोलावलंय. वाढला किंवा तिथे लागेनासं झालं तर त्याआधीच. रोज आंघोळीनंतर माझी नजर तिथे जाते, ती काही लगेच सुटणार नाही. पण शाळेत ती अर्ध्या बाह्यांचाच गणवेश घालते. पूर्ण बाह्यांचा शिवून घेऊ, असं घरात निघालं होतं. मी नाही म्हटलं.

आता तुझ्याकडे काम. तू परळला राहतोस, केईएमच्या त्वचारोग विभागाची बाह्यरुग्ण तपासणी कुठल्या वारी असते ते बघून कळव. धाकटीसाठी नव्हे, आत्येसाठी. कोडावर हल्ली प्रकाशाचे उपचार आहेत. इतक्या जुन्या डागांना, त्यातून ओठांना नि बोटांना, त्याचा उपयोग कमी होतो, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय. तरी एकदा तरी तिला कोणी नीट तपासावं, असं मला फार वाटतं. ती अजून "माका काय करूचा आता" म्हणतेय. तू गणपतीला येशील तेव्हा तूही तिच्याशी बोल, तुझं ती ऐकते. आणि वहिनींना सांग, यंदा आमच्याकडे बांगड्याचं तिखलं आत्येच्या ताटात पहिलं वाढलं.

तुझा,
बंड्या