धबधब्याची वाट बंद करण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा सुरू झाला की धबधब्यांवरील जमावबंदीच्या बातम्या आपल्या दैनिकात येऊ लागतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. त्यानंतर अशा आदेशांना आक्षेप घेण्याचे धाडस कोणी करणार नाही, आणि मीही करत नाही. मात्र लेकीकडे अमेरिकेत गेले असताना न्यूयॉर्क राज्यातील वॉटकिन्स ग्लेन हे स्टेट पार्क, म्हणजे तेथील राज्य सरकारने सांभाळलेले उद्यान, पाहिले. बंदी आणि मोकाट गर्दी यांखेरीज तिसरा मार्गही असू शकतो, हे तेथे ध्यानात आले.

हे उद्यान सेनेका सरोवराच्या दक्षिण टोकाला आहे. हिमयुगात हिमनदीने सरोवराचे खोरे इतके खोल खरवडले, की त्याला बाजूने मिळणारा ओढा उंचावरच लटकून राहिला आणि पुढे थरांचा ठिसूळ शेल खडक कापत त्याने स्वतःसाठी अरुंद घळ कोरली. जेमतेम दोन मैलांत हा ओढा ४०० फूट खाली उतरतो आणि दोनशे फुटी कड्यांच्या मधून जाताना १९ धबधबे तयार करतो. आयुष्यभर भूगोल शिकवल्यामुळे मी प्रत्येक वळणावर थर न्याहाळत उभी राहत होते आणि मागून येणाऱ्यांची वाट अडवत होते, हे कबूल करायला हवे. घळीतून जाणाऱ्या वाटेला ८३२ दगडी पायऱ्या आहेत. गुडघ्यांचा विचार करून आम्ही बसने वरच्या दारापाशी गेलो आणि उतरत आलो.

या वाटेची खुबी अशी, की ती माणसाला पाण्याच्या अगदी जवळ नेते, पण पाण्यात उतरू देत नाही. दोन ठिकाणी तर आपण धबधब्याच्या पडद्यामागून चालतो, अंगावर तुषार येतात, आणि तरीही पायाखाली बांधीव दगड आणि बाजूला कठडा असतो. घळीतल्या पाण्यात उतरायला मनाई आहे; ज्याला पोहायचे असेल त्याच्यासाठी उद्यानातच पोहण्याचा वेगळा तलाव आहे. मनाई पाळली जाते, याचे श्रेय मी तेथील लोकांच्या शिस्तीपेक्षा त्या वाटेलाच देईन, कारण धबधबा मनसोक्त पाहून झाल्यावर ओल्या कातळावर उतरण्याची ओढ फारशी राहत नाही.

ही वाट सहजासहजी झालेली नाही. १८६३ मध्ये मॉर्वाल्डन एल्स नावाच्या एका पत्रकाराने ही घळ खासगी पर्यटनस्थळ म्हणून खुली केली, १९०६ मध्ये राज्याने ती विकत घेतली आणि १९३५ च्या महापुराने तेथील बांधकामाची मोठी नासधूस केली. ती निस्तरण्याचे काम केले महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देण्यासाठी उभारलेल्या सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरने, आणि तेही मूळ खडकाशी एकजीव दिसेल अशा दगडी बांधणीत. हे वाचताना मला १९७२ च्या दुष्काळातली आपल्याकडची कामे आठवली. रोजगार हमीची कल्पना ज्या राज्यात रुजली, तेथे पाझर तलाव झाले, रस्ते झाले. मग धबधब्यापर्यंतच्या पायऱ्या, कठडे आणि पाणी पाहण्याचे सुरक्षित कट्टे गावातल्याच हातांनी का होऊ नयेत?

सह्याद्रीचा पाऊस तिकडे पडत नाही, याची मला जाणीव आहे. घाटमाथ्यावर तासाभरात ओढ्याचे रूप पालटते, आणि काळ्या कातळावरचे शेवाळ कोणालाच जुमानत नाही. त्यामुळे काही दिवस वाट बंद ठेवावीच लागेल. पण वॉटकिन्स ग्लेनमध्येही बर्फामुळे घळीतली वाट नोव्हेंबरपासून साधारण मेच्या मध्यापर्यंत बंदच असते. बंद असतो तो घळीतला धोक्याचा टप्पा. कड्यावरच्या रानातून चालायला मिळते. आपल्याकडचा आदेश बहुधा संपूर्ण परिसरालाच लागू होतो, आणि मग वडापाव, मक्याची कणसे विकून चार महिने काढणारे गावकरी आणि पोलिसांचा डोळा चुकवून आडवाटेने शिरणारी पोरे, असे दोनच घटक तेथे उरतात.

साताऱ्याजवळ ठोसेघरला दरीपलीकडून धबधबा पाहण्यासाठी बांधलेली गॅलरी आहे, म्हणजे सुरुवात आपल्याकडेही झालेली आहे. येत्या पावसाळ्यासाठी बंदीचा आदेश काढताना त्यात तीन गोष्टी नमूद कराव्यात, एवढीच प्रशासनाला विनंती आहे: नेमका कोणता टप्पा बंद आहे, किती दिवस बंद आहे आणि तोवर पाणी कोठून पाहता येईल. या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या धबधब्यासाठी देता येणार नाही, तेथे दिवाळीनंतर पायऱ्यांचे काम हाती घ्यावे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका, सातारा