स्टॅटिन सोडण्याआधी हिशेब मांडा

महोदय,

'स्टॅटिन बंद करा, लसूण आणि जवस खा' असे सल्ले व्हॉट्सॲपवर रोज फिरतात. स्टॅटिन म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी. तिला पर्याय आहेत, पण कोणता पर्याय एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, किती उतरवतो हे त्यात कुणी सांगत नाही.

समजा, हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे आणि एलडीएल १७० आहे. ते ७० च्या खाली न्यायचे, म्हणजे साठ टक्के घट हवी. रोज १० ग्रॅम इसबगोलाने पाच ते दहा टक्के मिळते. ते भरपूर पाण्यातून घ्यावे आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवावे, नाहीतर त्या नीट शोषल्या जात नाहीत. एझेटिमाइब १० मिलिग्रॅम ही गोळी आतड्यातले कोलेस्टेरॉलचे शोषण अडवते. त्याने वीसेक टक्के उतरते. बेम्पेडोइक ॲसिड १८० मिलिग्रॅमचेही साधारण तेवढेच. ते यकृतातच कार्यरत होते, स्नायूंत नाही, म्हणून अंगदुखीवाल्यांना सोयीचे. मात्र युरिक ॲसिड वाढते. गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर जपून. दोन्ही एकत्र घेतली तरी १७० चे १०५ च होतात! पुढची मजल इंजेक्शनांची. इव्होलोक्युमॅब दर पंधरवड्याला, सुमारे साठ टक्के. इन्क्लिसिरान पहिल्या डोसनंतर तीन महिन्यांनी आणि मग दर सहा महिन्यांनी, सुमारे पन्नास टक्के. खर्च मोठा.

'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या रेड यीस्ट राइसच्या (लाल बुरशीने आंबवलेल्या तांदळाच्या) कॅप्सूलची तर गंमतच आहे. त्यातले मोनॅकोलिन के म्हणजे रसायन म्हणून लोव्हास्टॅटिनच. स्टॅटिन नको म्हणून स्टॅटिनच घ्यायचे, तेही किती ते न कळता.

अंगदुखीमुळे गोळी सोडायची असेल तर आधी टीएसएच (थायरॉइडची चाचणी), ड जीवनसत्त्व आणि सीके (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारे एन्झाइम) तपासा. लघवी काळपट झाली किंवा सीके सामान्य मर्यादेच्या दहापटीवर गेले, तर गोळी तत्काळ थांबवून डॉक्टरांना गाठा. एरवी डॉक्टरांना विचारून दोन ते चार आठवडे खंड घ्या आणि मग रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅम, हवे तर दिवसाआड, सुरू करून पाहा. ब्रिटनमधील २०२० च्या 'सॅमसन' चाचणीत स्टॅटिनवर जेवढा त्रास नोंदला गेला, त्याच्या ९० टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही झाला. दुखणे खरेच होते. कारण बहुतेक वेळा गोळीतले औषध नव्हते.

औषध बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासा. ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली दुसऱ्या प्रकारची चरबी) ४०० च्या वर असतील तर हिशेबाने काढलेले एलडीएल चुकते. लॅबला 'डायरेक्ट एलडीएल' करायला सांगा.

— एक फिजिशियन, सातारा