गव्याला रानरेडा म्हणू नका, खरी रानम्हैस गडचिरोलीत आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात उसात जनावरांचा कळप शिरल्याची बातमी आली होती, हेडिंगमध्ये "रानरेडे", आत बातमीत "बायसन", आणि फोटो छापला होता तो आफ्रिकेतल्या म्हशीचा, ती शिंगं कपाळावर हेल्मेटसारखी घट्ट जुळलेली असतात ना, तोच. म्हणजे एका बातमीत तीन जनावरं, आणि शेतात आलेलं चौथंच, गवा. मी म्हशीवाल्या घरातली बाई आहे, माहेरी-सासरी दोन्हीकडं गोठा, त्यामुळं हे वाचून गप्प बसवलं नाही.

गवा हा म्हशीच्या कुळातला नाहीच. तो गाय-बैलाच्या कुळातला, अरुणाचलातला मिथुन त्याचा जवळचा नातेवाईक. नावातच गाय आहे, संस्कृतात त्याला गवय म्हणतात. आमच्याकडं खेड्यात सर्रास "गवारेडा" म्हणतात, मीही लहानपणी तेच म्हणायचे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, गावातल्या सगळ्यांना त्यातून कुठलं जनावर ते कळतं. पण पेपरनं "रानरेडा", "रानम्हैस" छापलं की शहरातला माणूस गोठ्यातला रेडा डोळ्यासमोर आणतो आणि मोबाईल घेऊन जवळ जातो. घरचा रेडा चुचकारला तर थांबतो हो, गवा माणसांच्या गराड्यात बिथरतो, पळत सुटतो, अंगावर येतो. 2020 च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला गवा शिरला तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं, गर्दी मागं लागली, ते बिचारं भिंतींना धडकत राहिलं आणि शेवटी जीव गेला त्याचा.

आता खऱ्या रानम्हशीबद्दल. ती आपल्या गोठ्यातल्या म्हशीची पूर्वज. शिंगं बाजूला पसरत जाऊन कोयत्यासारखी मागं वळतात, मोठ्या जनावरात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सहज माणसाच्या उंचीपेक्षा जास्त अंतर भरतं. गव्याची शिंगं वर वळतात, पाठीवर उंचवटा असतो, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. रानम्हशीला पाणी आणि चिखल रोज लागतो, गवा तसा चिखलात लोळत नाही. एवढं बघितलं तरी फोटो चुकायचा नाही.

आणि ही रानम्हैस आपल्या राज्यात आहे, हे किती वाचकांना माहीत असेल? गडचिरोलीत, सिरोंचा वनविभागात, कोलामार्काच्या जंगलात. 2013 साली तिथलं साधारण 180 चौरस किलोमीटर जंगल खास तिच्यासाठी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. पलीकडं इंद्रावती नदी, तिथून छत्तीसगड, त्यांचा तर तो राज्यप्राणी, वनभैंसा. सगळ्या जगात मिळून चार हजारसुद्धा रानम्हशी उरल्या नाहीत, त्यातल्या बहुतेक आसामात काझीरंगा, मानसकडं. मध्य भारतात मोजक्याच. त्यांना शिकारीइतकाच धोका आपल्या गुरांचा आहे, जंगलात चरायला सोडलेल्या म्हशींबरोबर संकर होतो आणि लाळ्या खुरकूतसारखे रोग तिकडं पोचतात. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण म्हैस ही आमची रोजीरोटी. पण खरं आहे ते आहे. पेपरात दर महिन्याला "रानरेड्यांचा धुमाकूळ" वाचणाऱ्याला वाटणार की रानम्हशी काय ढिगानं आहेत, मग कोलामार्काची काळजी करणार कोण?

सगळा घोळ त्या बफेलो शब्दाचा आहे असं मला वाटतं. इंग्रजीत आपली म्हैस पण बफेलो, आफ्रिकेतली पण बफेलो, आणि अमेरिकेतला बायसन, तो 2016 साली त्यांचा राष्ट्रीय सस्तन प्राणी झाला, त्यालाही तिथले लोक बफेलोच म्हणतात. गोऱ्या शिकाऱ्यांनी इथं येऊन आपल्या गव्याला बायसन करून टाकलं आणि आपण ते अजून वापरतोय, दाजीपूरला 1958 पासून गव्यांचं अभयारण्य आहे तरी लोक "बायसन बघायला चाललो" म्हणतात. तुमच्याच लहान मुलांच्या पुरवणीत मध्यंतरी "अमेरिकेतल्या म्हशींची कत्तल" असं आलं होतं. अमेरिकेच्या माळावर म्हशी कुठल्या? ते बायसन होते, कोट्यवधी होते, ते एकोणिसाव्या शतकात काही शेकड्यांवर आणले.

आपल्याकडं शब्दांची कमी आहे का? रेडकू, पारडी, वगार, टोणगा, हल्या, प्रत्येक वयाला वेगळं नाव आहे. महिष म्हणजे मुळात थोर, बलवान. महिषी म्हणजे राजाची पट्टराणी. आणि शाळेत मला सावळी आणि जाड म्हणून "म्हैस" चिडवायचे, तेव्हा हे कोणी सांगितलं असतं तर मी रडत घरी आले नसते. पैठणला ज्ञानोबांनी वेद वदवले ते रेड्याच्या तोंडून, त्याची समाधी जुन्नर तालुक्यातल्या आळे गावी आहे, लोक हात जोडतात. म्हसोबाला आपण शेंदूर लावतो.

पाडव्याला आमची पंढरपुरी म्हस सजवताना तिची शिंगं मी स्वतः रंगवते. तलवारीसारखी लांब, पार खांद्याच्या मागं गेलेली, तेलाचा हात फिरवला की ती डोळे अर्धे मिटून मान खाली घालते. त्या शिंगांकडं बघताना कोलामार्कात पाण्यात बसलेली तिची आजी मला दिसते.

तेव्हा विनंती एवढीच, गवा आला तर गवा लिहा. ती फोटोची दुरुस्ती पहिल्या पानावर नको, जिथं बातमी होती तिथंच छापली तरी चालेल. आणि एकदा तुमचा गडचिरोलीचा बातमीदार कोलामार्काला पाठवा, रविवारचं अर्धं पान द्या, मी कात्रण गोठ्याच्या दारावर लावीन.

आपली नियमित वाचक,
कोल्हापूर